‘हर्नियाचं ऑपरेशन’: अकरा वर्षांनी सरकलेल्या गॅस्ट्रिक बँडचं प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून रुग्णाचे वैयक्तिक तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

रुग्ण ४४ वर्षांच्या, सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळेत सगळे ‘बाई’ म्हणतात, इथेही तेच म्हणू. उंची १५६ सेंटिमीटर. २०१२ साली वजन १०८ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४४ च्या वर. मधुमेहाच्या दोन गोळ्या, रक्तदाबाची एक, आणि गुडघे असे की फळ्याजवळ अख्खा तास उभं राहणं होत नसे. त्या वर्षी त्यांनी पुण्यातल्या एका खाजगी रुग्णालयात जठराला गॅस्ट्रिक बँड बसवून घेतला.

घरात हे फक्त पतीला ठाऊक होतं. सासूबाईंना आणि जाऊबाईंना सांगितलं, ‘हर्नियाचं ऑपरेशन आहे.’ वजन उतरवायला ऑपरेशन करून घेतलं म्हणून चार लोक नावं ठेवतील, ही धास्ती. हे शब्द अकरा वर्षांनी डॉक्टरांच्या टेबलावर पुन्हा आले, तेही दोनदा.

बँड म्हणजे सिलिकॉनची कडी. जठराच्या अगदी वरच्या भागाला ती पट्ट्यासारखी आवळून बसवतात. कडीच्या आतल्या अंगाला फुगा असतो, फुग्यातून निघालेली बारीक नळी पोटाच्या भिंतीपर्यंत येते आणि तिथे कातडीखाली, स्नायूच्या आवरणाला शिवलेल्या पोर्टला (सुई टोचायच्या छोट्या डबीला) जोडलेली असते. पोर्टमधून सुईने सलाईन भरलं की फुगा आतल्या बाजूला फुगतो आणि वाट अरुंद होते, काढून घेतलं की मोकळी होते. कडीच्या वर जठराचा जेमतेम १५ ते २० मिलिलिटरचा कप्पा उरतो. तो चार घासांत भरतो आणि पोट भरल्याची जाणीव होते. दुर्बिणीतून असा बँड पहिल्यांदा १९९३ साली बेल्जियममध्ये बसवला गेला, अमेरिकेत २००१ साली मान्यता मिळाली. जठर कापायचं नाही, आतडं जोडायचं नाही, नको झालं तर काढता येतं, अशी त्याची ख्याती होती. नवा बँड आज क्वचितच बसवला जातो. मात्र त्या काळात बसवलेले बँड अजून लोकांच्या पोटात आहेत, आणि त्यातले बरेच रुग्ण ज्या डॉक्टरांकडे जातात त्यांनी बँड कधी पाहिलेलाही नसतो.

बाईंच्या बँडची क्षमता १० मिलिलिटर होती. पहिल्या दीड वर्षात पाच वेळा थोडं थोडं सलाईन भरलं. शेवटची नोंद डिसेंबर २०१३ ची, एकूण ६ मिलिलिटर. पुढे ते सर्जन दुसऱ्या शहरात गेले, फाईल जुन्या रुग्णालयात राहिली आणि तपासण्या थांबल्या. वजन २०१४ मध्ये ७९ पर्यंत उतरलं, मग ८४ च्या आसपास स्थिरावलं. मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या. पोळी अडकते, फडफडीत भात छातीत बसतो, ब्रेडचा गोळा होतो, हे त्या शिकल्या होत्या. आमटीत कुस्करलेली भाकरी आणि ताक यांवर रोजचं नीट चाललं होतं. सण असला की श्रीखंड. ते कुठेच अडकत नाही, त्यामुळे बँड असूनही वजन वाढवणाऱ्या पदार्थांत आइस्क्रीमच्या बरोबरीने त्याचा नंबर वर लागतो.

त्रास कसा वाढत गेला

डिसेंबर २०२२ मध्ये रात्रीचा खोकला सुरू झाला. आडवं झालं की तासाभरात ढास लागायची, कधी उशीवर आंबट पाणी. गावातल्या डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला. जानेवारीत छातीचा एक्स-रे झाला आणि ‘फुप्फुसं स्वच्छ’ असा रिपोर्ट आला. रिपोर्ट खोटा नव्हता. पण त्या फिल्मच्या तळाशी, छाती-पोटामधल्या पडद्याच्या खाली डावीकडे, बँडची पांढरी रेघ आणि तिला जोडलेली नळी स्पष्ट दिसत होती. मे महिन्यात फिल्म पुन्हा पाहिली तेव्हा बँडचा कल तेव्हापासूनच बदलायला लागला होता हे लक्षात आलं.

बँड असलेल्या माणसाला रात्री खोकला येणं ही बँड घट्ट झाल्याची किंवा वरचा कप्पा ताणल्याची पहिली खूण असू शकते. कप्प्यात साचलेलं अन्न आडवं झाल्यावर अन्ननलिकेतून वर येतं आणि घशाशी श्वासनलिकेत झिरपतं. पंपाने ते थांबत नाही.

एप्रिलच्या मध्याला एका लग्नात मटणाचा तुकडा अडकला. रात्रभर उमासे आले. कोरड्या उमाशांत पोटातला दाब एकदम वाढतो, आणि कडीखालचं जठर कडीतून वर ढकललं जातं. दुसऱ्या दिवसापासून घन अन्न बंद पडलं, चार-पाच दिवसांत पातळही टिकेना. सकाळी घेतलेलं ताक संध्याकाळी तसंच्या तसं बाहेर पडायचं, त्याला पित्ताचा रंग नाही. ही बारीकशी गोष्ट फार मोलाची आहे. उलटीत पित्त नाही आणि सकाळचं अन्न ओळखू येतंय, म्हणजे अडथळा खूप वर आहे.

तालुक्याच्या ठिकाणी एंडोस्कोपी झाली. सोबत सासूबाई होत्या. ‘आधी कुठलं ऑपरेशन?’ या प्रश्नाला उत्तर गेलं, ‘हर्नियाचं.’ दुर्बीण आत गेली तर अन्ननलिकेखाली मोठी पोकळी, त्यात शिळं अन्न, आणि पुढे अरुंद वाट. रिपोर्ट: ‘मोठा हायटस हर्निया, अन्न शिल्लक, पोट रिकामं करून पुन्हा तपासावे.’ सरकलेल्या बँडवरचा फुगलेला कप्पा आतून खरंच हायटस हर्नियासारखा, म्हणजे जठराचा वरचा भाग छातीत सरकल्यासारखा दिसतो. त्यात तोंडी इतिहासही हर्नियाचाच, मग शंका कशाला येईल? पोटावरचे पाच बारीक व्रण आणि डाव्या बरगडीखाली हाताला लागणारा नाण्याएवढा कडक गोळा कोणी तपासला नाही.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात अशक्तपणा वाढला म्हणून स्थानिक दवाखान्यात चार दिवस रोज डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे ग्लुकोजच्या, दोन बाटल्या लावल्या. तिसऱ्या दिवशी बाईंना एकाचे दोन दिसायला लागले, चालताना तोल जाऊ लागला. ‘पोटात काही नाही म्हणून चक्कर,’ असं घरच्यांना सांगितलं गेलं.

पाचव्या दिवशी डाव्या कुशीत सतत दुखायला लागलं. त्या रात्री पतीने त्यांना मोठ्या रुग्णालयात आणलं.

दाखल होताना

वजन ७५ किलो, पाच आठवड्यांत नऊ किलो उतरलेलं. नाडी ११८, रक्तदाब १००/६४, ताप नाही. बरगडीखाली डावीकडे दाबल्यावर दुखतं, पण पोट मऊ. पोटॅशियम २.७ म्हणजे कमी, मॅग्नेशियमही कमी, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.६ म्हणजे वाढलेलं, आणि रक्तपुरवठा तुटला की चढणारं लॅक्टेट वरच्या सीमेवर.

कॅज्युअल्टीतल्या निवासी डॉक्टरांनी व्रण पाहिले, गोळा चाचपला आणि सासूबाईंना बाहेर बसायला सांगून विचारलं, ‘बाई, हे कशाचं आहे?’ उत्तर मिळायला अर्धा मिनिट लागला. सहा महिन्यांत एवढंच कोणी विचारलं नव्हतं. बाई बोलत असताना त्याच डॉक्टरांचं त्यांच्या बुबुळांकडे लक्ष गेलं: बाजूला बघायला सांगितलं की ती झटके देत होती.

पोटाचा साधा एक्स-रे काढला. नीट बसलेला बँड समोरून काढलेल्या फिल्मवर कडेने दिसतो, म्हणून त्याची आकृती आखूड जाड रेघेसारखी येते आणि तिचं वरचं टोक रुग्णाच्या डाव्या खांद्याकडे असतं. मणक्याच्या उभ्या रेषेशी ती जो कोन करते त्याला फाय कोन म्हणतात, तो ४ ते ५८ अंशांच्या आत असावा लागतो. इथे कोन ८२ अंश होता. रेघ जवळपास आडवी झाली होती आणि बँड कलल्यामुळे कडीची पुढची-मागची कड वेगळी दिसत होती, इंग्रजी ‘ओ’ अक्षरासारखी. जठराचा पुढचा भाग कडीतून वर सरकल्याचं हे चित्र आहे.

पहिला निर्णय: थायामिन की तपासण्या

एकाच वेळी दोन संकटं होती. कडीत अडकलेल्या जठराचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती एकीकडे, मेंदूला जीवनसत्त्व बी१, म्हणजेच थायामिन, न मिळण्याची दुसरीकडे. दुसऱ्याला उशीर परवडत नाही आणि त्याचा उपाय स्वस्त, म्हणून तो आधी झाला.

शरीरातला थायामिनचा साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. बाईंच्या पोटात पाच आठवडे काही टिकलं नव्हतं. ग्लुकोज वापरायला पेशींना थायामिन लागतं. साठा संपलेला असताना ग्लुकोज आत गेलं की उरलंसुरलं थायामिन त्यात खर्च होतं आणि वेर्निके एन्सेफॅलोपॅथी (थायामिनअभावी मेंदूला होणारी इजा) उघडी पडते. दुहेरी दिसणं, बुबुळांचे झटके आणि तोल जाणं त्यामुळेच होतं. गोंधळलेपणा अजून नव्हता. डोळ्यांची बिघडलेली हालचाल, तोल जाणं आणि गोंधळलेपणा या तिन्ही खुणा जमेपर्यंत थांबायचं नसतं. बहुतेक रुग्णांत त्या एकत्र येतच नाहीत.

रक्ताचा नमुना काढून ठेवला, रिपोर्टची वाट पाहिली नाही. थायामिन ५०० मिलिग्रॅम, १०० मिलिलिटर नॉर्मल सलाईनमधून अर्ध्या तासात, दिवसातून तीन वेळा, तीन दिवस. पुढे पाच दिवस रोज २५० मिलिग्रॅम. तोंडाने गोळी देण्यात अर्थ नव्हता, ती उलटीतून जाणार. मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम सोबतच दिलं, कारण मॅग्नेशियम कमी असेल तर थायामिन नीट कामाला लागत नाही आणि पोटॅशियमही भरून निघत नाही. ५०० मिलिलिटरच्या प्रत्येक सलाईनमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम, तासाला १० पेक्षा जास्त नाही, ईसीजी मॉनिटरवर लक्ष ठेवून. डेक्स्ट्रोजची बाटली बेडजवळ आणू नये असं केसपेपरवर लाल शाईने लिहिलं.

दुसरा निर्णय: बँड लगेच रिकामा करणं

सरकलेल्या बँडवर सर्जन येण्याआधीही करता येण्यासारखा उपाय म्हणजे फुगा रिकामा करणं. काही रुग्णांत तेवढ्यानेच वाट मोकळी होते आणि रात्रीचं तातडीचं ऑपरेशन टळतं.

गाडं सुईपाशी अडलं. पोर्टसाठी ह्यूबर सुई लागते. तिचं टोक वाकवलेलं असतं, ती सिलिकॉनचा पडदा बाजूला सारत आत जाते. साधी सुई पडद्याचा बारीक तुकडा कापून काढते आणि तिथून पोर्ट कायमचं गळू शकतं. कॅज्युअल्टीत ह्यूबर सुई नव्हती, ऑपरेशन थिएटरातही नाही. शेवटी ती कॅन्सर विभागाच्या डे-केअरमध्ये सापडली, कारण किमोथेरपीच्या पोर्टला हीच सुई लागते. मधे पाऊण तास गेला. सुई मिळालीच नसती तर साधी बारीक सुई वापरायचं ठरलं होतं, आणि ते बरोबरच होतं. जो बँड काढायचाच आहे त्याच्या पोर्टची काळजी करत जठर मरू द्यायचं नसतं.

कृती अशी झाली. बाईंना पाठीवर झोपवून मान उचलायला सांगितली. पोटाचा स्नायू ताठला की पोर्ट वर येतं आणि हाताला नीट लागतं. डाव्या हाताच्या दोन बोटांत ते घट्ट पकडलं, कातडी निर्जंतुक केली, सुई सरळ नव्वद अंशांत खाली, पोर्टच्या धातूच्या तळाला टेकेपर्यंत घातली. १० मिलिलिटरच्या सिरिंजने हळूहळू ओढत गेलं. ५.८ मिलिलिटर स्वच्छ पाणी आलं, मग दांडा मागे ओढला की आपोआप पुढे जायला लागला, म्हणजे आत काही उरलं नाही. नोंदीत ६ होते, म्हणजे गळती नव्हती. पाणी गढूळ असतं तर संसर्गाची, आणि त्यामागे बँड जठराची भिंत कुरतडत आत शिरल्याची शंका घ्यावी लागली असती.

पोर्ट उलटं झालेलं असेल, म्हणजे तळ कातडीकडे वळला असेल, तर सुई आत जातच नाही. तेव्हा सीआर्मखाली (हलवता येणाऱ्या एक्स-रे यंत्राखाली) प्रयत्न करायचा, नाहीच जमलं तर जागा बधिर करून चीर देऊन नळीच कापायची. नळी कापली की फुगा आपोआप बसतो.

रिकामं केल्यावर दहा मिनिटांत बाईंनी मोठा ढेकर दिला. दोन तासांत दुखणं दहापैकी आठवरून दोनवर आलं, पहाटे नाडी ९६, लॅक्टेट खाली. त्याच रात्री पोट उघडायचं की थांबायचं, हे इथे ठरलं. दुखणं तसंच राहिलं असतं, नाडी चढती राहिली असती किंवा पोट ताठरलं असतं, तर अडकलेला भाग काळा पडतोय असं धरून पोटॅशियम कितीही असो थिएटर गाठावं लागलं असतं. सीटी स्कॅनचा विचार झाला, पण क्रिएटिनिन १.६ असताना शिरेतून डाय (एक्स-रेत दिसणारं औषध) द्यायचा तर त्यातून निर्णय बदलायला हवा, आणि दुखणं ओसरल्यावर तो बदलणार नव्हता.

सकाळी बसवून, घोट घोट डाय पाजून, स्क्रीनिंगखाली (चालू एक्स-रेवर) पाहिलं. डाय निवडताना भान ठेवावं लागलं. खोकला येणाऱ्या रुग्णाच्या फुप्फुसात गॅस्ट्रोग्राफिन हा डाय गेला तर ते पाणी ओढून घेतं आणि फुप्फुस भरतं. जठराला छिद्र असेल तर बेरियम नको. म्हणून नॉन-आयोनिक, कमी ऑस्मोलॅलिटीचा, म्हणजे पाणी कमी ओढणारा डाय घेतला. कडीच्या वर मोठा कप्पा लोंबत होता, अन्ननलिकेचं खालचं टोक फुगलेलं, आणि मोकळ्या केलेल्या बँडमधून थोडाथोडा डाय खाली उतरत होता.

पर्यायांचा विचार

बँड रिकामा ठेवून चार-सहा आठवडे थांबायचं आणि पुन्हा हळूहळू भरायचं, हा एक मार्ग. वरचा कप्पा नुसता ताणला गेला असेल तर तो चालतो. इथे बँड आडवा झाला होता, जठराचा पुढचा भाग वर सरकला होता. सलाईन काढल्याने तो जागेवर येत नाही.

बँड जागेवर बसवून पुन्हा टाके घालायचे, असंही करतात. पण बँड अकरा वर्षांचा, पुन्हा सरकण्याचा धोका मोठा, आणि सलाईन भरायला-काढायला जवळपास कोणी नाही. नियमित तपासणी होऊ शकत नसेल तर बँड ठेवूच नये. या मताबद्दल वाद होऊ शकतो. तालुक्याच्या गावातून येणाऱ्या रुग्णांपुरतं तरी ते पक्कं आहे.

बँड काढणं नक्की झालं. प्रश्न उरला की त्याच बैठकीत दुसरं ऑपरेशन जोडायचं का. पतीचा आग्रह होता, ‘एकाच भुलीत करून टाका, घरी पुन्हा काय सांगायचं?’ आग्रह समजण्यासारखा होता. स्लीव्हमध्ये जठर उभं कापून नळीसारखं करतात. पण बँडच्या जागी जठराची भिंत व्रणाने जाड झालेली असते, तिथे स्टेपल नीट बसत नाहीत आणि शिवण गळण्याचा धोका वाढतो. शिवाय स्लीव्हने आंबट पाणी वर येण्याचा त्रास वाढतो, आणि बाईंची अन्ननलिका आधीच फुगलेली. बायपास, म्हणजे जठराचा छोटा कप्पा वेगळा करून थेट आतड्याला जोडणं, त्या दृष्टीने चांगला. पण पाच आठवडे उपाशी, थायामिन संपलेलं आणि पोटॅशियम नुकतंच सावरत असलेलं, अशा शरीरात आतड्याच्या दोन जोडण्या करणं धोक्याचं.

विम्याचा मुद्दाही निघाला. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींत लठ्ठपणाच्या ऑपरेशनसाठी बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त लागतो. अनियंत्रित टाइप २ मधुमेहासारखे आजार सोबत असतील तर ३५ चालतो. बाईंचा त्या दिवशी ३०.८ होता. त्रासाने वाळलेल्या रुग्णाला अट नाकारते आणि वजन परत चढलं की तीच अट दार उघडते, हा प्रकार चमत्कारिक आहे. थांबायचा निर्णय मात्र यावर घेतला नाही.

ठरलं ते असं: आता फक्त बँड काढायचा, किमान तीन महिने थांबायचं, अन्ननलिका सावरते का ते पाहायचं, मग बायपास.

ऑपरेशन

सहाव्या दिवशी पोटॅशियम ३.९, बुबुळांचे झटके थांबलेले, चाल अजून डळमळीत. दोन दिवस फक्त स्वच्छ पातळ पदार्थ दिले. तरी भूलतज्ज्ञांनी पोट भरलेलं आहे असं धरूनच तयारी केली: डोक्याकडची बाजू वर, जलद भूल, सक्शन हाताशी. रायल्स ट्यूब (नाकातून जठरात घालायची नळी) अंदाजाने आत ढकलली नाही. ताणलेल्या कप्प्याची भिंत पातळ झालेली असते, नळीचं टोक तिथे वळून भिंतीत घुसू शकतं. श्वासनलिकेत ट्यूब गेल्यावर एंडोस्कोपने डोळ्यांसमोर कप्पा रिकामा केला.

दुर्बिणीतून पाहिलं तर यकृताचा डावा भाग बँडला चिकटलेला. अशा वेळी नळी दोरीसारखी धरून तिच्या मागे मागे बँडपर्यंत जायचं, म्हणजे वाट चुकत नाही. बँडच्या बकलावरचं जाड आवरण थेट सिलिकॉनवरच कापलं, जठराकडे सरकायचं नाही हा नियम. बँड कात्रीने कापून सरकवत बाहेर काढला. २०१२ मध्ये बँडवरून जठर दुमडून घातलेले टाके उसवले.

यापुढचा भाग अनेकदा राहून जातो. बँडभोवती शरीराने तयार केलेलं घट्ट आवरण तिथेच सोडलं तर बँड निघूनही कडी राहते, आणि रुग्ण महिन्याभराने ‘अजून अडकतंय’ म्हणून परत येतो. ते आवरण पुढच्या बाजूने उभं कापून मोकळं केलं. वर सरकलेला भाग सुजलेला पण गुलाबी होता. तो सलाईनखाली बुडवून एंडोस्कोपमधून हवा भरली, बुडबुडे आले नाहीत. शेवटी पोर्ट काढलं आणि बँडचे तुकडे, नळी, जोड, पोर्ट ट्रेमध्ये जुळवून पाहिले. काही आत राहिलं नव्हतं.

परिणाम

दुसऱ्या दिवशी पाणी, तिसऱ्या दिवशी मऊ भात आणि वरण. खोकला त्याच आठवड्यात थांबला आणि दम्याचा पंप बंद झाला. दुहेरी दिसणं थायामिन सुरू झाल्यावर अठ्ठेचाळीस तासांत गेलं होतं. तोल सावरायला सात आठवडे लागले.

वजन अपेक्षेप्रमाणे परत आलं: महिन्याने ७८, चार महिन्यांनी ८७. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.३ वरून ८.१. हे होणार हे बाईंना आधी सांगितलं होतं, त्यामुळे अपराधी वाटून त्यांनी यायचं थांबवलं नाही. तीन महिन्यांनंतरच्या बेरियम तपासणीत अन्ननलिकेचं टोक पूर्ववत दिसलं, मॅनोमेट्रीत (अन्ननलिकेतला दाब मोजणाऱ्या तपासणीत) तिची हालचाल नीट होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरलेला बायपास (रू-एन-वाय प्रकारचा) झाला. दीड वर्षाने, मे २०२५ मध्ये, वजन ७१, मधुमेहाची एकच गोळी. लोह, बी१२, कॅल्शियम सायट्रेट, ड जीवनसत्त्व आणि मल्टीव्हिटॅमिन आयुष्यभर चालू राहतील. थायामिनच्या अभावाने आलेली डाव्या पायाच्या बोटांतली बधिरता पूर्ण गेलेली नाही. चप्पल निसटली तरी कधी कधी कळत नाही, म्हणून त्या आता मागे पट्टा असलेली सँडल घालतात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महागात पडले ते चार दिवसांचे डेक्स्ट्रोज. दोन-तीन आठवडे उलट्या झालेल्या कोणत्याही रुग्णाला, बँड असो वा नसो, ग्लुकोजच्या आधी थायामिन शिरेतून द्यावं. इंजेक्शन स्वस्त आहे आणि चुकून जास्त दिलं तरी बिघडत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात ही सवय असती तर पायाची बधिरता कदाचित राहिली नसती.

एंडोस्कोपीच्या दिवशी रिपोर्टवर ‘पुन्हा तपासावे’ लिहिलं होतं, पण तारीख नव्हती आणि तोवर काय करायचं तेही नव्हतं. मोठी पोकळी, शिळं अन्न आणि पाच व्रण एकत्र दिसल्यावर पोटाचा एक साधा एक्स-रे काढला असता तर बँड त्याच दिवशी सापडला असता, महिनाभर आधी.

इतिहास विचारताना नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर बसवणं हा शिष्टाचाराचा प्रश्न नाही. वजनाचं ऑपरेशन, गर्भपात, मनाच्या आजाराच्या गोळ्या या गोष्टी सासूबाईंसमोर बाहेर येत नाहीत. ‘ऑपरेशन झालंय का?’ पेक्षा ‘पोटावरचे हे पाच व्रण कशाचे?’ असं विचारलं तर उत्तर टाळणं अवघड जातं.

जुन्या रुग्णालयाकडून एक कार्ड मिळालं असतं तरी बरंच निभावलं असतं. बँडचा प्रकार, क्षमता, शेवटचं भरलेलं प्रमाण, पोर्टची जागा, एवढ्या चार ओळी पुरतात. सर्जन गाव बदलतात, पोर्ट रुग्णाच्या पोटातच राहतं.

मोठ्या रुग्णालयातही एक चूक झाली: पाऊण तास सुई शोधण्यात गेला. आता तिथे कॅज्युअल्टीच्या ट्रॉलीत दोन ह्यूबर सुया असतात, वेष्टणावर मुदत संपण्याची तारीख मार्करने मोठी लिहून, कारण वर्षभरात त्या कदाचित एकदाच लागतील.

बायपासनंतर बाईंच्या पर्समध्ये लॅमिनेट केलेला कागद आहे. त्यावर वरच्या ओळीत ऑपरेशनचं नाव आणि तारीख, खाली: ‘दोन दिवसांपेक्षा जास्त उलट्या झाल्यास ग्लुकोज लावण्याआधी थायामिन द्यावे.’ कागदाची दुसरी प्रत सासूबाईंकडे आहे.